दोनदा हॉर्न

"इथूनही छान दिसतंय की," ड्रायव्हरसाहेब म्हणाले आणि डोंगराच्या चढावर वाटेतल्या दगडावर त्यांनी बूड टेकलं.

"इथून झाडं दिसतात. झाडं आपल्या खिडकीतूनही दिसतात," बायको म्हणाली. "उठा."

निवृत्त झाले तरी घरात सगळे त्यांना ड्रायव्हरसाहेबच म्हणत. आज सकाळपासून त्यांच्या सबबींना अंत नव्हता. आधी डावा गुडघा. तो क्लच दाबून दाबून कामातून गेला होता, हे खरंच. मग ऊन. मग नातीची काळजी, आणि नात तर करडासारखी उड्या मारत पुढे पोचली होती. तिच्यामागून त्यांची लेक हसू दाबत चालली होती.

खरं दुखणं गुडघ्यात नव्हतंच. राष्ट्रीय उद्यानाचं फाटक हा त्यांच्या बसचा शेवटचा स्टॉप. सगळी नोकरी ते फाटकापर्यंत आले आणि गाडी वळवून परत गेले. दर उन्हाळ्यात बायको लेकीला घेऊन त्यांच्याच बसने यायची, वरच्या मोठ्या खडकापर्यंत चढायची. दुपारच्या फेरीला निघताना ते दोनदा हॉर्न द्यायचे आणि ती वरून पिवळा स्कार्फ हलवायची. संध्याकाळी बसमध्ये चढताना विचारायची, "दिसले का हो मी?"

"दिसलीस की."

एकदाही दिसली नव्हती. ड्रायव्हरच्या सीटवरून रस्ता दिसतो. डोंगर टपाच्या वर राहतो. पहिल्या खेपेला उन्हानं लालबुंद झालेला तिचा चेहरा बघून त्यांच्या तोंडून होकार निघून गेला, आणि मग तो मागे घेणं जमलं नाही. ती तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, मला पाहिल्याशिवाय हे गाडी हलवत नाहीत. आता वर गेल्यावर ती विचारणार, कुठून बघायचात, दाखवा. खोटं बोलणं त्यांना एक वेळ जमत होतं, दाखवणार काय?

खडक चांगलाच तापला होता. खाली फाटकापाशी बस उभी होती, म्हणजे नुसता तिचा पांढरा टप. उकडलेलं अंडं सोलता सोलता नातीनं खाली वाकून पाहिलं.

"आजोबा, तुम्हाला आजी दिसायची कशी? मध्ये छप्पर आहे ना."

लेकीनंही मान वळवली. ड्रायव्हरसाहेबांनी अंड्याला मीठ लावलं. परत लावलं.

"न दिसता कुणी हॉर्न देतं का गं?" बायको म्हणाली. "अंडं खा."

नातीचं समाधान झालं. थोड्या वेळानं तिला सरडा दिसला आणि ती आईला ओढत पलीकडे घेऊन गेली. बायको मात्र टपाकडेच बघत बसली होती.

"मला तरी तुम्ही कुठे दिसायचात," ती हळूच म्हणाली. "पण आत आहात ना, म्हणून हात भरून येईपर्यंत हलवायचे."

त्यांना एकदम हलकं वाटलं, आणि मागोमाग वाईटही वाटलं. एकदा, फक्त एकदा गाडीतून उतरून वर बघितलं असतं तर काय मोठा उशीर होणार होता!

खाली बस सुरू झाली. दोघंही उठून उभी राहिली. नव्या ड्रायव्हरनं गाडी सफाईनं वळवली आणि तो निघून गेला. हॉर्न वाजला नाही. तो कशाला वाजवेल? बायको हातात स्कार्फ धरून तशीच उभी होती.

ड्रायव्हरसाहेबांनी मागे पाहिलं. लेक आणि नात सरड्यात गुंतल्या होत्या. मग ते गुडघा धरून, एकेक पाऊल जपून टाकत खडकाच्या पायथ्याशी उतरले.

"अहो, कुठे निघालात?"

खाली नीट उभं राहून त्यांनी मान वर केली. उन्हासाठी कपाळावर हात आडवा धरला आणि दबक्या आवाजात म्हणाले, "पों, पों."

बायकोनं हात उंच करून स्कार्फ हलवला.

"दिसलीस की," ते म्हणाले.