तो गोल डाग माझा नाही

मी बोलते, पण ऐकतं कोण? शनिवारपासून जीव तोडून सांगत होते, की बापहो, हा डाग माझा नाही. एकानंही विश्वास ठेवला नाही. लोखंडाच्या बाईचं म्हणणं मनावर घ्यायची या जगात पद्धतच नाही. कपडा चांगला झाला की लीलाबाईचा हात चांगला, कपडा जळला की मी नाठाळ. असंच चालत आलं आहे. पण या वेळी मी गप्प बसणार नाही.

मी प्रेस. वर्ध्याच्या कडेला बोरगाव मेघे आहे ना, तिथल्या शिक्षकांच्या कॉलनीच्या गेटापाशी, कडुनिंबाखाली लीलाबाईचं टेबल आहे. त्या टेबलावर माझा मुक्काम. अंगानं जाड, पोटात कोळसे, वर लाकडाची मूठ, आणि ती मूठही आता डुगडुगते. पुण्याकडची माणसं मला इस्त्री म्हणतात. म्हणोत बिचारी. आमच्याकडे प्रेसच म्हणतात.

माझी पहिली नोकरी सिंदी रेल्वे नावाच्या गावी, कापसाच्या कारखान्यात. तिथल्या साहेबाच्या पॅन्टची घडी मोडू नये एवढंच माझं काम. पण त्या कारखान्यात आणखी एक प्रेस होती. घराएवढी! कापसाचा डोंगर तिच्या पोटात घालायचे आणि ती असा दाबायची, की दगडासारखी गाठ बाहेर पडायची. तीही प्रेस, मीही प्रेस. मला वाटलं, ही माझी माय असेल. चार-पाचदा तिच्याकडे बघून धूर सोडला. तिनं ओळख दाखवली नाही. मोठ्यांच्या घरचं असंच असतं.

पुढे मला अल्लीपूरच्या नत्थूजींनी नेलं. नत्थूजी म्हणजे लीलाबाईचे सासरे. त्यांचं टेबल प्राथमिक शाळेच्या भिंतीला लागून होतं. चार वर्षं मी खिडकीखाली होते, म्हणजे चौथी पास समजा. दाखला नाही, पण अक्कल आली. एक दिवस गुरुजींनी आत शिकवलं, "प्रेस म्हणजे दाबणे." मला फार बरं वाटलं. म्हणजे ते माझं एकटीचं नाव नव्हतंच, कामाचं नाव होतं. आणि दाबायचं काम या जगात कोण करत नाही?

बोरगावात आले तेव्हा तर नातेवाईकच नातेवाईक. लग्नपत्रिका जिथं छापतात ती प्रेस. टेबलासमोरून रोशन जातो, त्याच्या मोटरसायकलवर पुढेमागे लाल अक्षरांत प्रेस. हा एका साप्ताहिकाचा बातमीदार, स्वतःच्या शर्टाला मात्र माझ्याशिवाय घडी पडत नाही. लीलाबाई गॅससाठी फोन लावते तर आतली बाई म्हणते, मराठीसाठी एक प्रेस करा. लीलाबाई तिलाही उत्तर देते, "थांब व बाई, हातातलं तर होऊ दे!" जिममधली पोरं छातीवर वजन उचलतात, त्यालाही काहीतरी प्रेसच म्हणतात, घरी बनियन मात्र मायच घडी करते. आणि परवा लीना मॅडम कौतुकानं सांगत होत्या, आम्ही आता कोल्ड प्रेसचंच तेल खातो. थंड प्रेस! आमच्यात थंड प्रेस म्हणजे मेलेली.

तर या लीना मॅडम आणि त्यांचे यजमान कृष्णकांत सर. दोघंही शिक्षक. सर विज्ञान शिकवतात. कॉलनीत त्यांचा दरारा आहे. चौकात कोणी दृष्ट उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं, की सर ते उचलतात, शाळेत नेतात आणि पोरांसमोर त्याचं सरबत करून पितात. "बघा, मेलो का?" असं विचारतात. पोरं नाही म्हणतात. दरवर्षी अंधश्रद्धेवर त्यांचं भाषण असतं, त्या दिवशीचा शर्ट मीच करते. कॉलर एकदम ताठ. सरांसारखी.

त्यांची पोरगी ईरा. तिला डॉक्टरकीला प्रवेश मिळाला. कॉलनीत पहिलीच. आठ दिवस घरात पेढ्यांची रीघ. मंगळवारी कॉलेजात नव्या मुलांना पांढरा एप्रन घालायचा कार्यक्रम होता. ईराच्या आजीनं, म्हणजे सरांच्या आई अनुसयाबाईंनी, नातीसाठी वर्षभर चरख्यावर सूत कातलं होतं. नंबर लागायच्या आधीपासून! त्या सुताचं कापड, त्या कापडाचा एप्रन. दुकानात मिळत नाही असा.

शनिवारी सकाळी ईरा तो घेऊन आली.

"मावशी, मंगळवारी घालायचा आहे. जरा जीव लावून करा."

"जीव नाई लावत त काय लावतो वो बाई मी? ठेव इथं. डॉक्टरीणबाई झाली की माहे गुडघे फुकट पाहजो."

लीलाबाईनं बोट ओलं करून माझ्या पोटाला लावलं. चुर्र झालं, पण माफक. मी काही येडी नाही, खादीला किती तापायचं ते मला कळतं. बाह्या झाल्या, पाठ झाली, कॉलर झाली. कसं गुळगुळीत दुधासारखं दिसत होतं! मग खालचा काठ आला आणि मी अडखळले. काठात काहीतरी जाड होतं.

"शिंप्यानं पोत्याचं तोंड शिवल्यावानी काऊन शिवलं हे?" लीलाबाई पुटपुटली. मी अडले म्हणजे थांबायचं, हे तिला तीस वर्षांपासून माहीत आहे. पण त्या दिवशी गिऱ्हाईक फार होतं. तिनं दोन्ही हातांनी जोर लावला. माझ्या पोटाखाली काहीतरी पिचलं. उग्र वास आला. मला उचललं तर काठावर तपकिरी डाग, आणि बघता बघता काळा झाला.

लीलाबाईनं अंगठ्यानं चोळला, लिंबू लावलं, पाणी मारलं. डाग हलला नाही. 

आता मला सांगा. मी जाळलं तर डाग माझ्या आकाराचा पडतो. पुढे टोक, मागे सपाट. हा डाग गोल होता, आवळ्याएवढा. पहिलीतलं पोरही ओळखेल. पण संतापलेला माणूस आकार बघत नाही.

लीना मॅडम आल्या. एप्रन बघितला आणि कडाडल्या. 

"लीलाबाई, आईंनी वर्षभर कातलं हो! वर्षभर! कोळशाची ही ब्याद तुम्हाला कधीची टाकायला सांगतेय. सोमवारी टेबल उचला इथून. गेटापाशी नकोच."

"मॅडम, प्रेस गरम नोहोती. शपथ घेतो."

"मग डाग आकाशातून पडला का?"

सर मागे उभे होते. उजव्या हाताच्या बोटांना पट्टी बांधलेली. ते काहीच बोलले नाहीत. मला तेव्हाच नवल वाटलं, कारण सर कधी न बोलता राहत नाहीत.

रविवारी रोशन शर्ट न्यायला आला. सगळं ऐकून म्हणाला, "मावशी, मस्त बातमी आहे. 'प्रेसने जाळला भावी डॉक्टरचा एप्रन!' देऊ का?"

"दे ना. अन् खाली लिहिजो, बातमीदाराचा शर्टबी त्याच प्रेसनं केला, अन् आजवर जळला नाई."

रोशन हसत गेला. पण बघा, माझी बाजू त्यानं विचारली का? मोटरसायकलवर दोन ठिकाणी प्रेस लिहितो आणि टेबलावरच्या प्रेसला एक प्रश्न विचारत नाही.

तो दिवस लीलाबाईनं मला पेटवलंच नाही. कडुनिंबाखालची ती जागा गेली तर तिला दुसरी कुठं मिळणार? गावभर टेबल डोक्यावर घेऊन फिरायचं का? ती माझ्याकडे बघायची आणि मान हलवायची. तिलाही वाटत होतं, प्रेसच चुकली. ते मला सगळ्यात जास्त लागलं. तीस वर्षांचा संसार आमचा.

सोमवारी सकाळी टेबल उचलायला ती आली, तर तिचा अंगठा टमाटरासारखा सुजलेला. फोडच फोड. ती खाजवत होती आणि खाजवता खाजवता एकदम थांबली. अंगठा नाकाशी नेला. मग माझ्याकडे बघितलं, आणि पदर खोचून सरळ मॅडमच्या दारात. तिथून तिचा आवाज मला टेबलावर ऐकू आला.

"टेबल उचलतो मॅडम, पण आधी तो कपडा घेऊन टेबलापाशी या. आजीलेबी आणा, सरालेबी आणा."

सगळे आले. लीलाबाईनं अंगठा पुढे केला.

"कोळशाचा चटका बसला त लगेच फोड येते. हा दोन दिसानं आला, अन् खाजून राह्यला. आजी, तुमीच सांगा हे काय आहे."

अनुसयाबाईंनी अंगठा लांबूनच बघितला. "बाप्पा! बिबा उतला तुले! त्याचं तेल लागलं की असेच फोड येतेत."

"माहा अंगठा फक्त त्या डागाले लागला होता. आता उसवा हा काठ."

ईरानं कात्रीच्या टोकानं धागे तोडले. काठातून कापलेल्या बिब्याची काळी, चेपलेली फोड बाहेर पडली.  दृष्ट लागू नये म्हणून बिबा बांधतात, हे तर इकडे लेकराबाळालाही माहीत. मॅडमनी हळूच सासूकडे बघितलं.

"आई... तुम्ही?"

म्हातारी अशी उसळली, की पेटलेल्या कोळशाला लाजवेल.

"मी? पाह्य माहे हात! एक तरी फोड दिसते का? अव, मी चार लेकरं वाढवली. बिबा अखंड घेतेत, काळ्या दोऱ्यात ओवतेत अन् पाळण्याले बांधतेत. बिबा कापून, उघडा, पांढऱ्या कपड्यात कोण शिवते? बिब्याचं तेल अंगाले लागलं असतं त पोरीची कंबर सोलून निघाली असती! हे काम आमच्यासारख्या अडाण्याचं नाई. हे शिकलेल्याचं काम आहे."

मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू एकाच ठिकाणी गेल्या. उजव्या हाताच्या पट्टीवर.

"बाबा," ईरा म्हणाली, "ती पट्टी सोडा बरं."

"स्कूटरच्या सायलेन्सरला लागलं होतं," सर म्हणाले. पण आवाजाची कॉलर पार पडलेली.

पट्टी सुटली. तीन बोटं उतलेली. लीलाबाईच्या अंगठ्याची सख्खी भावंडं.

सर टेबलाच्या कडेवर टेकले.  "फार लोक येऊन गेले घरी... पेढे खाता खाता नशीबवान आहे म्हणाले. सगळेच म्हणाले. मला माहीत आहे, असं काही नसतं. मी रोज शिकवतो. पण मनाला वाटलं... असलंच तर? काठ जाड दिसू नये म्हणून बिबा कापला. इतकंच."

मला हसायला येत होतं, खरं सांगते. पण पोरीनं बापाचा तो सुजलेला हात मनगटाला धरला, आणि माझं हसू पोटातल्या राखेत गेलं. माया दाबून ठेवली की ती कुठूनतरी अशीच फुटते. दाबण्यातलं मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

अनुसयाबाई म्हणाल्या, "कृष्णा, मायले विचारलं असतं तर नीट बांधून दिला असता ना रे!" त्यावर मॅडमसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या.

डागाच्या वर दोन बोटं सोडून काठ कापला. लीलाबाईनं कापड हाताला फडकं गुंडाळून धरलं, आजीनं तिथंच बसून नवा काठ घातला, आणि माझ्या पोटात कोळसे पडले. मी त्या काठावरून अशी गेले, अशी गेले, जशी आयुष्यात कधी गेले नसेन. मंगळवारी ईरा तो एप्रन घालून गेली. इतरांपेक्षा चार-पाच बोटं आखूड. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

टेबल हललं नाही. मॅडम हात जोडून लीलाबाईला म्हणाल्या, "चुकलं माझं." इथवर सगळं गोड.

पण कॉलनीत शनिवारपासून बोभाटा झाला होता. लोक विचारणार, मग डाग कशाचा होता? आणि पुढच्याच आठवड्यात सरांचं ते दरवर्षीचं भाषण. मॅडम आणि सर एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा माझी लीलाबाई, माझी तीस वर्षांची लीलाबाई, काय म्हणाली माहीत आहे?

"जाऊ द्या वो सर. सांगा, प्रेस जुनी झाली."

झालं! सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तेव्हापासून आख्ख्या बोरगावात हेच सांगतात. लीलाबाईचा दोष नाही, सरांचा तर नाहीच नाही, प्रेस जुनी झाली. मॅडमनी माफीदाखल विजेची नवी प्रेस आणून दिली आहे. ती टेबलाखाली खोक्यात बसली आहे, गुलाबी, हलकी, बोलायला एकदम नाजूक. लाईट गेली की मरते. लाईट रोज जाते, म्हणून मी अजून वर आहे. पण भंगारवाला गेटासमोर सायकल थांबवतो तेव्हा माझ्याकडे बघतो, हे मला दिसतं.

भाषणाच्या दिवशीचा शर्ट लीलाबाईनं माझ्याकडूनच करून घेतला. केला मी, ताठ केला. बोटांवरचे डाग अजून गेले नव्हते, म्हणून सरांनी भाषणभर हात खिशात ठेवले म्हणे. लिंबाचं सरबतही या वर्षी झालं नाही.

माझं एवढंच मागणं आहे. कपड्यावर डाग दिसला तर प्रेसवर ओरडायच्या आधी आपण आपल्या काठात काय शिवलं आहे, ते उसवून बघत जा. आणि उद्या भंगाराच्या काट्यावर मला चढवाल तेव्हा चढवा, पण माझ्या नावावर तो डाग घालून नका चढवू. जुनी झाले, मान्य. मूठ डुगडुगते, मान्य. पण लीलाबाई दयाळू आहे, ती कधीच नाव घेणार नाही. मी लोखंडाची आहे, मी घेते. तो डाग पाडला कृष्णकांत सरांनी. विज्ञानाचे, आपले, कृष्णकांत सर.