फ्रान्सची दौत

माझ्या लेकीचं, प्रमिलाचं, लग्न मार्गशीर्षात झालं आणि पुढच्याच महिन्यात सोन्याचा कायदा आला. म्हणजे ते १९६३ साल. चौदा कॅरटच्या वरचा दागिना घडवायचा नाही, असा हुकूम. शहाद्यात आमच्या घरातली भट्टी विझली ती विझलीच.

लग्नात सोनं जुळलं नव्हतं, म्हणून प्रमिलाच्या मंगळसूत्रात पितळी वाट्या ओवल्या होत्या. सोन्याच्या मागून देऊ, असा शब्द माझ्या मालकांनी, लोटन सोनारांनी, दिला होता. विसरवाडीला तिची सासू चारचौघींत म्हणायची, "सोनारनी पोर नि गयामा पितय? बाप लोहार शे का?"

होळीच्या आधी प्रेमचंद शेठ फडक्यात गुंडाळून एक दौत घेऊन आले. खाली पांढरा संगमरवर, वर स्फटिकाची दोन भांडी, मधे हार धरून बसलेलं काशाचं गुबगुबीत पोर, अंगभर सोन्याचा मुलामा. कुठल्याशा संस्थानिकाच्या लिलावात घेतलेली ही फ्रान्सची वस्तू शेठ दर दिवाळीला हिशेबाच्या वहीशेजारी पुजत. यंदा शेठाणी पानीबाईंच्या हातून पडून एका भांड्याची कड उडाली होती.

"भंगलेली पूजेला चालत नाही," शेठ म्हणाले. "सोनं उतरव. अर्धं तुझं."

मालकांनी कसोटीवर घासून पाहिलं. सोनं खरं होतं. मग ते पोर त्यांनी कितीतरी वेळ हातात फिरवलं.

"देख, नखं बी कोरेल शेतस. आपलाच जातना व्हता कोनीतरी."

"मंग मोडू नका," मी म्हटलं.

"नि प्रमिलाना वाट्या कथाईन आनू?"

तेजाबाचं काम ते नेहमी परसात, वाऱ्याकडे पाठ करून करायचे. पण बाजारात अधिकारी फिरतात अशी बोलवा होती, आणि धूर भिंतीवरून दिसला असता. धुळवड उलटल्यावर एका दुपारी त्यांनी खोलीचं दार लावलं, फटीत गोणपाट कोंबलं. एरवी तेजाबाच्या बरणीत गुंजभर सोनं पडायचं. आज ते अख्खं काशाचं पोर विरघळत होतं. गोणपाटातून तांबूस धूर बाहेर आला. मी दार बडवलं.

"दार उघाडा!"

"वरडू नको. गल्ली गोया करशी का?"

ते बाहेर आले ते खोकत. तळाचा गाळ आटवला, तर मसुरीएवढा मणी निघाला. एक वाटीसुद्धा झाली नसती.

"फ्रान्सना सोनार भलता कंजूस निंघना," म्हणून हसले, जेवलेही. दिवेलागणीला धाप लागली. ओठ निळे पडले, तोंडाला गुलाबी फेस आला. टांगा दारात येईपर्यंत बोलणं बंद झालं होतं.

शेठांनी संगमरवर आणि भांडी परत नेली, अर्धं सोनं मागितलं नाही. तो मणी प्रमिलाने पितळी वाट्यांच्या मधे ओवला.

लोटन सोनार १९६३ सालच्या रंगपंचमीच्या आदल्या दिवशी वारले.