शिशाचा तिसरा अर्थ

मुलीच्या घरी कायमचे राहायला जायचे की नाही, याचे उत्तर डॉ. वजीह शहावी त्या दुपारी देणार होते. आणि ते ‘नाही’च असणार, हे खोलीचे दार उघडताक्षणी ठरले. मनियल भागातल्या त्या सदनिकेत त्यांच्यासाठी राखलेल्या खोलीच्या चारही भिंती गडद करड्या झाल्या होत्या.

“हा कुठला रंग?”

“रोसासी, बाबा,” यारा म्हणाली. “शिशाचा.”

चाळीस वर्षे अरबी शब्दकोश रचणाऱ्या माणसासमोर शब्द जपून उच्चारावेत, एवढे तिला एव्हाना कळायला हवे होते.

“रोसासची नोंद माझीच आहे. एक, शिसे हा जड धातू. दोन, त्याच धातूची बंदुकीची गोळी. म्हाताऱ्याच्या खोलीला यातलं काय देतेयस?”

“रंग लावलाय बाबा, तोफखाना नाही उभारला.”

“डॉक्टर, हल्ली नव्या नवऱ्या मुली हाच मागतात,” शिडीवरून रंगारी उस्ता सबरीने समजूत घातली. “जुनी माणसं याला उंदरी म्हणायची.”

“अगदी बरोबर. शेवटी उंदराने बिळातच जायचं.”

ज्या पिढीला रंगांची नावे येईनाशी होतात, ती राखेला अभिरुची म्हणू लागते, असे एक वाक्य त्यांच्या मनात तयार झाले. वाक्य उत्तम होते. ते ऐकण्याच्या योग्यतेचे मात्र तिथे कोणी नव्हते. मग त्यांनी जन्मभर चुकीच्या मजकुराशी जे केले तेच केले. खिशातली पेन्सिल काढली आणि दाराशेजारी भिंतीवर शेरा मारला : ‘खिन्न. असमर्थनीय.’

काहीच उमटले नाही.

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा, दाबून लिहिले. भिंत ढिम्म.

उस्ता सबरी धडपडत खाली उतरला, भिंतीला नाक लावून उभा राहिला आणि ओरडला, “जमला! मॅडम यारा, चार वेळा रंग परत मिसळायला लावलात ना? या, बघा आता, डॉक्टरांचं अक्षरच गायब!” त्याने खिशातून पेराएवढा पेन्सिलीचा तुकडा काढला. “तुमच्या लेकीनं दिला होता. म्हणे, याच्या टोकाशी जुळला तरच पैसे मिळतील.”

“तुम्ही समासात मारता त्या शेऱ्यांचा रंग आहे, बाबा,” यारा म्हणाली. “रात्रंदिवस तुमच्या हाताच्या कडेला लागलेला असायचा. तुम्ही गाल ओढलात की माझ्याही गालाला. आई रोज पुसायची आणि रोज तुम्हाला बोलायची. पेन्सिलीला आपण काय म्हणतो?”

“कलम रोसास,” डॉक्टर सावकाश म्हणाले. शिशाची लेखणी. हा तिसरा अर्थ बोलीतला, बाजारू, म्हणून कोशातून त्यांनीच गाळला होता. आणि काट मारली होती ती पेन्सिलीनेच.

त्यांनी हाताची कड उजेडात धरून पाहिली.

“उस्ता, खिडकीखाली दुसरा हात कमी पडलाय,” शेवटी ते म्हणाले. “आणि यारा, माझी पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली मला चालणार नाहीत. आधीच सांगून ठेवतो.”

यारा चहा टाकायला जवळजवळ पळालीच. परत आली तेव्हा ते पुन्हा भिंतीशी वाकून लिहीत होते. तिने मान तिरकी केली. खिडकीच्या उजेडात अक्षरे चंदेरी चमकली : ‘तीन : मुलीच्या गालाला लागते ते.’

“वाचू नकोस,” डॉक्टर करड्या आवाजात म्हणाले. “अजून मसुदा आहे.”