तोमासाबाईंचा लाडका पुठ्ठा

मित्रांनो, कोपऱ्यांना चिकटपट्ट्या लावलेला हा जो जुना पुठ्ठा तुम्हाला दिसतो आहे, तो मी. मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात एल्वीराबाई दर शनिवारी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतात. त्यांनी बुटांच्या खोक्यांतून दहा पुठ्ठे कापले, त्यांतला मी तिसरा.

आमच्याकडे लोतेरिया घरोघर खेळतात. एकाने चिठ्ठी काढून पुकारायचे, बाकीच्यांनी आपल्या पुठ्ठ्यावरच्या त्या चित्राच्या घरात मक्याचा दाणा ठेवायचा; ज्याची घरे आधी भरली तो जिंकला. माझ्या सोळा घरांत मात्र चित्रांऐवजी इंग्रजी क्रियापदे होती. आपले क्रियापद आले की त्याच्यामागे लागणारा चिमुकला शब्द सांगायचा, मगच दाणा. 'डिपेंड'मागे 'ऑन', 'लिसन'मागे 'टू'. आम्हा स्पॅनिश बोलणाऱ्यांची गाडी नेमकी इथेच अडते. जीभ सवयीने 'डिपेंड ऑफ' म्हणून मोकळी होते.

तोमासाबाई एका हॉटेलात चादरी धूत असत. गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. पाहुण्यांना नाश्ता वाढायचे काम त्यांना हवे होते, पण त्यासाठी इंग्रजीची परीक्षा होती. वर्गाच्या पहिल्याच शनिवारी त्या मला घेऊन खेळल्या, जिंकल्या आणि मी त्यांचा शकुनाचा पुठ्ठा झालो. मग दुसऱ्या कोणाला त्या मला हात लावू देईनात. वर्गातले टॅक्सीवाले फेर्मीन म्हणत, "तोमासाबाई, आता त्याच्यापुढं मेणबत्तीच लावा." मी आपला फुगत असे.

परीक्षेत माझ्यावरचे एकच क्रियापद आले. बाकीची सगळी इतरांच्या पुठ्ठ्यांवरची होती. वर्गात ती पुकारली जात, तेव्हा तोमासाबाई आपले दाणे सारखे करत बसत. त्या नापास झाल्या.

पुढच्या शनिवारी त्यांनी मला छातीशी घट्ट धरले. एल्वीराबाई हळूच म्हणाल्या, "तोमासा, हा तुला पाठ झालाय. दे तो फेर्मीनला."

"दुसऱ्या पुठ्ठ्यावर मी हरेन, बाई."

"मग हर की. इथं हरलीस तर काय बिघडतंय?"

त्यांनी मला दिले. खोटे कशाला बोलू, मला फार वाईट वाटले. त्यानंतर त्या दर शनिवारी वेगळा पुठ्ठा घेत आणि बहुतेक वेळा हरत. वर्षाने त्या पुन्हा परीक्षेला बसल्या आणि पास झाल्या. आता शनिवारी त्यांना नाश्ता वाढायचा असतो, त्यामुळे त्या येत नाहीत.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, ओल लागू देऊ नका, एवढेच मागणे. पण आम्हाला चिकटून बसू नका. माझ्याजवळ द्यायला सोळाच शब्द होते. माझ्यावरच माया करत राहिल्या असत्या, तर तोमासाबाई आजही चादरीच धूत असत्या.