तुंब्याची चीर

खोपटच्या ऑस्वल्डकडे शर्यतीचा छकडा होता. छकडा म्हणजे काय, दोन चाकं, एक दांडी आणि हाकणाऱ्याला जेमतेम टेकायला एक फळी. त्यातून भात आणता येत नाही, बायकामाणसं नेता येत नाहीत. तो फक्त पळतो. ऑस्वल्डला त्याचं असं वेड की देवळात क्रुसापुढे गुडघे टेकून प्रार्थना म्हणतानाही त्याचा एक कान बाहेर बांधलेल्या बैलांकडे असे.

चाकं घडवली होती ठाण्याच्या अँब्रोज सुताराने. गाडीच्या चाकाला खरं तर बाभूळ लागते. ऑस्वल्डने हट्टाने सागाची करून घेतली, हलकी व्हावीत म्हणून, आणि आरेही तासून बारीक करवले. दिसायला सुरेख झाली. पुढे ऑस्वल्डचं लग्न अँब्रोजच्या मुलीशी, सुझानाशी ठरलं, तेव्हा चाकं करून घ्यायला येता येताच हे जमलं असं लोक म्हणायचे. सुझानाला कोणी विचारलं नाही, म्हणून तीही काही बोलली नाही.

आगगाडी कल्याणपर्यंत येऊन काही वर्षं झाली होती, पण विठ्ठलवाडीच्या माळावरची छकड्यांची शर्यत बघायला जी गर्दी जमे ती आगगाडीच्या नशिबी नव्हती. त्या वर्षी शर्यत इस्टरच्या दुसऱ्या दिवशी होती. आदल्या आठवड्यात ऑस्वल्ड छकडा घेऊन अँब्रोजच्या दारात आला. डाव्या चाकाच्या तुंब्याला, म्हणजे मधल्या ज्या लाकडात सगळे आरे बसतात त्याला, चीर गेली होती. केसाएवढीच, पण एका आऱ्यापासून निघून पार दुसऱ्यापर्यंत पोचलेली.

“मामा, पाण्यात टाका, लाकूड फुगला का चीर मिटंल,” ऑस्वल्ड म्हणाला. “वरशी लोखंडाचा कडा चढवा. मना याच चाकांवर पलवाचा हाय.”

अँब्रोजने हातोडीच्या दांड्याने तुंबा ठोकून पाहिला. चांगला तुंबा टणटणीत वाजतो. हा फुटक्या मडक्यासारखा वाजला. असला तुंबा भर वेगात वळणावर फुटला तर आरे मोकळे होतात, छकडा उलटतो आणि हाकणारा बैलांच्या मागे फरफटत जातो. अँब्रोजने हे एकदा डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

“बाभलीची जोडी हाय घरात,” एवढंच तो म्हणाला.

“ती लावून मी शर्यतीत जाऊ का शेण वाहू?” ऑस्वल्ड हसला आणि छकडा तिथेच ठेवून बैल घेऊन निघून गेला.

आता अँब्रोज सरळ ‘नाही’ का म्हणाला नाही, ते सांगायला हवं. त्यांच्या पाखाडीत, म्हणजे ख्रिस्ती वस्तीत, एक रीत होती. साखरपुडा झाला की लग्न लागेपर्यंत जावयाने काही करायला सांगितलं तर सासऱ्याने नाही म्हणायचं नाही. म्हटलं तर मुलीला सुख लागत नाही. पाद्र्यांनी इतक्या रिती मोडून काढल्या, ही मात्र त्यांच्या नजरेतून सुटली. एरवी तिचा कोणाला त्रासही नव्हता. जावई मागून मागून मागणार काय, तर कोंबडी, ताडी, फार तर एखादा कोट. मरायची सोय करून द्या असं आजवर कोणी मागितलं नव्हतं.

थेरेसा, अँब्रोजची बायको, दोन्हीकडून बोलत होती. सकाळी म्हणे, “पोराला सांगा, मरंल तो.” दुपारी म्हणे, “सांगू नका, पोरीचा वाईट होईल.” दोन्ही वेळा ती खरंच घाबरलेली होती. अँब्रोजने चाक विहिरीजवळच्या डोणीत भिजत टाकलं. चीर मिटली. मग त्याने लोखंडी कडं भट्टीत लाल करून तुंब्यावर चढवलं, वर तांबडा रंग दिला. असलं देखणं काम त्याने आजवर केलं नव्हतं. सुझाना येता जाता त्या चाकाकडे बघत होती. वाळत चाललेल्या लाकडात चीर पुन्हा उघडणार हे सुताराच्या मुलीला शिकवावं लागत नाही.

इस्टरच्या दिवशी देऊळ सुटल्यावर ऑस्वल्ड बैल घेऊन आला. छकडा मचव्यात चढवून खाडीने कल्याणला न्यायचा होता. चाक पाहून तो खूश झाला, सासऱ्याच्या पाठीवर थाप मारायला निघालेला हात त्याने जेमतेम आवरला. तेवढ्यात सुझाना घरातून आली आणि छकड्याच्या फळीवर जाऊन बसली.

“मी पन येते,” ती म्हणाली.

“कल्याणला?”

“शर्यतीत. तुमच्या पाठी बसन.”

“अगं, बाई बसते का छकड्यात?”

“या घरानी तुमचा शब्द कवा मोडला काय? माझा एक मोडू नका. चाक तं नवा झालाय.”

ऑस्वल्ड हसणार होता. पण त्याची नजर तिच्या पायांवरून खाली चाकावर गेली आणि तिथेच राहिली. मग तो अँब्रोजकडे वळला.

“मामा, चाक टिकंल ना?”

आदल्या आठवड्यात त्याने सांगितलं होतं. विचारलं त्याने आत्ता. विचारल्यावर काय करायचं, याबद्दल रीत काहीच म्हणत नव्हती.

“नाय,” अँब्रोज म्हणाला.

त्याला एकदम हलकं वाटलं. ते फार वेळ टिकलं नाही.

“आनि मी एकटाच बसलेलो तर सांगितला असता काय?” ऑस्वल्डने विचारलं.

सुझाना फळीवरून उतरली. ऑस्वल्डने बैलांचे कासरे हाताला गुंडाळले आणि सावकाश म्हणाला, “मामा, मी एकटा जातो. जू उचला.”

हे विचारणं नव्हतं, सांगणं होतं. दारात थेरेसाने क्रुसाची खूण केली. अँब्रोजने मुलीकडे पाहिलं, ती त्याच्याकडेच बघत होती. मग तो जमिनीवर पडलेल्या जुवावर जाऊन बसला.

“नाय उचलत,” तो म्हणाला.

ऑस्वल्डने बैल दारातल्या चिंचेला बांधले, पाय धुतले आणि ओटीवर येऊन बसला. थेरेसा आत गेली आणि तिने आणखी एक ताट मांडलं.