बुजरीची साद

थंडीतली पक्षीगणना म्हणजे रिकामटेकड्यांचं संमेलन, असं शिंप्याची बायको दरवर्षी म्हणायची. यंदा मात्र तिनेच त्याला पहाटे हलवून उठवलं. तळ्याकाठची दलदल बुजवून तिथे ट्रकतळ करायचं घाटत होतं आणि ते अडवायला एकच पाखरू उरलं होतं, बुजरी. ती यंदाच्या गणनेत आली तर दलदल वाचणार, नाहीतर खेळ खलास.

बुजरी कोणाला दिसत नसे. पाणकणसांच्या दाटीत लपून बसायची. म्हणून रिवाज असा, की तिच्यासारखी शीळ घालायची आणि कान देऊन थांबायचं. उत्तर आलं की एक बुजरी मोजायची. ही शीळ जमायची दोघांनाच, शिंप्याला आणि त्याच्या थोरल्या भावाला, घड्याळजीला. शिंपी या काठाला, दादा त्या काठाला, मधे धुकं. दोघांनाही दरवर्षी उत्तर मिळायचं आणि मग महिनाभर दोघं कॉलर ताठ करून हिंडायचे.

यंदा दादाच्या गुडघ्यांनी संप पुकारला. त्याला एकटं सोडायची सोय नव्हती, म्हणून शिंप्याने त्याला आपल्याच काठावर खुर्चीत बसवलं. दवाखान्यातल्या सिस्टर गणनेच्या प्रमुख. त्याही शेजारी येऊन थांबल्या.

शिंप्याने शीळ घातली. उत्तर नाही. दादाने घातली. तळं गप्प.

"गारठली असेल बिचारी," दादा म्हणाला. "दम धर जरा."

ऊन वर आलं. दादा पुन्हा पुन्हा शीळ घालत होता आणि शिंपी त्याच्या ओठांकडे बघत होता. शेवटी किंचित चढणारा तो सूर, मग छोटासा झटका. दरवर्षी पलीकडून उत्तर म्हणून यायची ती अगदी हीच शीळ. इतकी वर्षं दोघे भाऊ एकमेकांनाच मोजत होते. खरी बुजरी कधी संपली, देव जाणे.

"दोघं एकाच काठाला बसलोय ना, म्हणून बुजली," दादा म्हणाला. "तू पलीकडे जा बघू. लांबून ओ देते ती."

दादाच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. तेच जास्त लागलं.

"जा ना, मास्तर," सिस्टर म्हणाल्या. "आता तुमच्यावरच सगळं."

शिंपी निघाला. वाटेत त्याने ठरवून टाकलं, एकदाच खोटं वागायचं. आपण शीळ घालायची, त्या दोघांनी ती ऐकायची, दलदल वाचली म्हणजे झालं.

तो पलीकडे पोचला. पाण्यावरून दादाची शीळ आली, हुबेहूब. शिंप्याने ओठांचा चंबू केला, पण शीळ फुटेना. घशात हुंदका अडकला की शीळ वाजत नाही, हे त्याला या वयात कळत होतं. त्याने पुन्हा फुंकलं. नुसती हवा गेली.

"मिळालं का काही?" सिस्टर ओरडल्या.

त्याने मान हलवली, नाही. सिस्टरांनी खाली बघितलं.

दादाला मात्र एवढ्या लांबचं दिसत नव्हतं. तो खुर्चीत पुढे वाकून शीळ घालत राहिला, आणि दर वेळी कान देऊन थांबत राहिला.