हरिचंदची थोरली

देविदास गुरुजींना आपल्या सात पिढ्या तोंडपाठ होत्या आणि कुणी न विचारताही ते त्या सांगत. निवृत्त झाल्यावर माणसं शेत बघतात नाहीतर देवळात बसतात. गुरुजींनी पूर्वज हुडकले. दरसाल तांड्यावर येणाऱ्या भाटाकडून नावं उतरवून घेतली, म्हाताऱ्याकोताऱ्यांना भंडावून सोडलं आणि एका मोठ्या पुठ्ठ्यावर वंशावळ काढून बैठकीत टांगली. सगळ्यात वर बैलांवर मीठ वाहणारा देवला, बऱ्याच खाली वडील हरिचंद, आणि हरिचंदखाली एकच सरळ रेघ. तिच्या टोकाला एकटे देविदास.

हे एकटेपण त्यांना लहानपणापासून सलत आलं होतं. बंजाऱ्यांत भाऊ घरी आला की बहीण त्याच्या गळ्यात पडून सुरात रडते. त्या रडण्यात माहेरच्या एकेकाचं नाव घेते, मेलेल्यांचंसुद्धा. चहापाणी त्यानंतर. गुरुजी सोबत्यांबरोबर त्यांच्या बहिणींकडे जात, तेव्हा अंगणात बाजूला उभे राहून हे बघत. आपल्यासाठी कुणीतरी रडावं म्हणून झुरणारा तांड्यातला हा एकटाच माणूस असेल.

मग नात राजनंदिनीचा नर्सिंगचा प्रवेश आला आणि जातपडताळणीसाठी एकसष्टच्या आधीची नोंद हवी झाली. हरिचंदनं शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, गुरुजींचा जन्म बासष्टचा. भिंतीवर सात पिढ्या आणि हातात कागद एकाही पिढीचा नाही! गुरुजी तांड्याजवळच्या गोरेगावला गेले, तिथल्या शाळेचं जुनं रजिस्टर दोनदा पालथं घातलं आणि हात हलवत परत आले. तिसऱ्यांदा राजनंदिनी बरोबर गेली. तिनं अर्ध्या तासात एका ओळीवर बोट ठेवलं.

"आजोबा, ही कोण?"

सन १९५८, इयत्ता पहिली. भिकी हरिचंद राठोड, जात लमाण. गावाच्या रकान्यात त्यांच्याच तांड्याचं नाव.

गुरुजींनी दोन्ही वेळेला पोरींची सोडून फक्त पोरांची नावं वाचली होती. उभा जन्म हजेरीपट भरण्यात गेलेला माणूस! त्यांना नातीकडे बघवेना.

तांड्याचे म्हातारे नाईक उत्तमसिंग बाजेवर पडून होते. नाव ऐकून ते उठून बसले.

"तुझ्या बापाची पहिली बायको व्हती. पटलं न्हाई, पंचायतीत काडीमोड झाली. ती पोरगी घेऊन वसमतकडं गेली, दुसरं घर केलं. पोरगी व्हती मोठी हुशार. मग तुझ्या मायला आणलं, तू झालास."

"मला कोणीच काहून सांगितलं न्हाई?"

"हरिचंदनं शपथ घातली व्हती. अन् तू पण लेका, पाच वर्सं मला बापजाद्यांची नावं इचारून राहिला. लेकी किती, ते कधी इचारलंस?"

त्या भिकीची कुठल्या तांड्यावर सोयरीक झाली तेवढं गुरुजींनी नाईकांकडून लिहून घेतलं आणि उठले.

कागद द्यायला आठ दिवस उरले होते. रजिस्टरचा उतारा मिळाला. पण ही भिकी आपली सावत्र बहीण आहे, असं तिच्या सहीचं प्रतिज्ञापत्र लागणार होतं. गुरुजींनी ते टाईप करून घेतलं, वंशावळीची लहान नक्कल काढून तिच्यात खाली राजनंदिनीपर्यंतची नावं भरली, पेढ्यांचा पुडा घेतला आणि वसमतची एसटी धरली. गाडीत बसून त्यांनी पहिलं वाक्य दहादा जुळवलं आणि दहादा मोडलं. बहीण आहे हे कळून चार दिवस झाले होते, आणि आपण तिच्याकडे सहीसाठी चाललो आहोत याची त्यांना लाज वाटत होती.

भिकाबाई ओसरीवर हळकुंडं निवडत बसल्या होत्या. पंचाहत्तरीच्या, हडकुळ्या, पण पाठ ताठ. गुरुजी उंबऱ्याशी थांबले आणि जुळवलेलं सगळं विसरले.

"मी हरिचंद राठोडचा मुलगा, देविदास. कागदाच्या कामानं आलो."

बोलून गेले ते मराठीत, कचेरीत बोलतात तसं. म्हातारीचे हात थबकले. ती उठली नाही, रडली नाही.

"बसा," तीही मराठीतच म्हणाली. "मिना, पावण्यायला च्या टाक."

गळ्यात पडणं नाही, आधी चहा. गुरुजींना समजायचं ते समजलं.

सून मिना चहा घेऊन आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. "आमच्या सासूबाई रडायला बसल्या का सगळ्यायची नावं घेतात," ती हळूच म्हणाली. "भावाचं तेवढं घेत न्हाईत. नुसतं 'भिया' म्हणतात अन् थांबतात."

"भाऊ झाला एवढं कानावर आलं व्हतं," भिकाबाई म्हणाल्या. "नाव कोणी कळवलं न्हाई. आणा, कागद दावा."

त्यांनी प्रतिज्ञापत्र बाजूला ठेवलं आणि वंशावळच मांडीवर घेतली. दोन वर्षांच्या शाळेवर, एकेका अक्षरावर बोट ठेवत त्या देवलापासून खाली उतरल्या. हरिचंदवर बोट बराच वेळ थांबलं.

"इथं मी न्हाई."

"लेकीची नावं वंशावळीत घालत न्हाईत."

"अन् ही खाली राजनंदिनी कोण?"

"माझी नात. तिच्यासाठीच हे समदं."

"ती लेकच हाय ना? तिच्या कागदाला मी लागते, तवा मला इथं काहून जागा न्हाई?"

गुरुजींनी खिशातला पेन काढला. हरिचंदच्या खाली, आपल्या नावाच्या आधी, डावीकडे एक रेघ ओढली. भिकाबाई, असं लिहिलं. अक्षर बिघडलं. चाळीस वर्षं पोरांना ज्या अक्षरासाठी त्यांनी छड्या मारल्या तसंच आलं.

भिकाबाईंनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. मग प्रतिज्ञापत्र ओढलं आणि सावकाश सही केली. भिकी हरिचंद राठोड.

गुरुजींनी मिनानं आणून ठेवलेलं आधार कार्ड पाहिलं. त्यावर नाव होतं भिकाबाई गुलाबचंद जाधव. ही सही कुठेच चालणार नव्हती. कागद वाया गेला, एसटीचा दिवस वाया गेला, आणि उरलेल्या आठांतला एक कमी झाला. "असं नाही," हे शब्द त्यांच्या जिभेवर आले होते. पण म्हातारी त्या नावाकडे अशी बघत होती, जणू पहिलीच्या वर्गात पाटीवर ते लिहून मास्तरांना दाखवायचं राहून गेलं होतं. त्यांनी कागदाची नीट घडी केली आणि खिशात ठेवली.

"अक्षर चांगलं हाय, बाई," ते म्हणाले. या वेळी आपल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत, जिथं बहिणीला बाई म्हणतात. "पर असाच आणखी एक कागद करावा लागंल. मी परवा परत येतो. चालंल ना?"

"परत येशील?"

"येतो. परवा राजनंदिनीला बी आणतो."

ते चपलेत पाय घालू लागले. तेवढ्यात मागून हळदीचे दोन हात त्यांच्या गळ्यात पडले, आणि सूर उठला. बाप हरिचंदचं नाव आलं. तिच्या याडीचं, जन्मदात्या आईचं आलं, गुरुजींच्या आईचंही आलं. तांड्याचं आलं. हात कुठं ठेवावेत ते गुरुजींना कळेना. हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. मग सूर 'भिया'वर आला, आणि दारात उभ्या मिनानं श्वास रोखला.

म्हातारी थांबली नाही. तिनं देविदासचं नाव घेतलं.